जांभळीची थालीपीठं

३ जानेवारी, शनिवार

मोदकांची नाकं मोडली! सगळ्यांची नाही, पण जी मोडली ती नेमकी वरच्या थरातली, म्हणजे डबा उघडला की आधी तीच दिसावीत.

शेलूच्या नव्या वसाहतीतल्या माघी गणपतीच्या मंडळाला आज नमुना दाखवायला गेलो होतो. एकवीस उकडीचे मोदक, पहाटे उठून केलेले. पाकळ्या अशा पडल्या होत्या की आनंदीबाईसुद्धा म्हणाली, "बाई, आज तुमच्या हातात काय शिरलंय?" आनंदीबाई माझी भागीदार. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हा मोदकांचा उद्योग काढला तेव्हा ती म्हणाली होती, कामाला ठेवू नका, भागीदार करा. केलं. तिच्यासमोर बोलायची सोय नाही कुणाची.

गाडी आमचे हे, नाना, चालवत होते. नेरळपर्यंत सगळं ठीक. पुढे शेलूच्या त्या इमारतींकडे वळलो आणि स्पीडब्रेकर सुरू झाले. स्पीडब्रेकर कसले, रस्त्यात आडवे झोपवलेले खांबच. आमची जांभळी म्हातारी आणि ठेंगणी. (रंगामुळे जांभळी. नाव मीच ठेवलं, गाडी घेतली त्या दिवशी.) प्रत्येक स्पीडब्रेकरवर पोट घासत खर्रकन चढायची आणि धपकन उतरायची. डबा माझ्या मांडीवर होता. आत काय चाललंय ते मांडीला कळत होतं.

रिया म्हणून मंडळाची चिटणीस आहे, गोड मुलगी. मोदक तोंडात टाकला आणि तिने डोळेच मिटले. म्हणाली, "काकू, चव एक नंबर. ऑर्डर तुमचीच. पण बाप्पासमोर नाक मोडलेला मोदक ठेवला तर कमिटी मला खाऊन टाकेल. गणेश जयंतीला असे आले ना, तर मी नाही घेऊ शकणार हां. आणि मस्त आले, तर भाद्रपदातले गणपतीपण तुमचे. प्रॉमिस."

पाचशे एक मोदक. माझी पहिली मोठी ऑर्डर. निवृत्त झाल्यापासून जो भेटतो तो म्हणतो, आता काय बुवा, आराम. मला आराम नकोय! मला हे हवंय. इतकं हवंय की इथे लिहितानाही लाज वाटते.

परतताना नानांना म्हटलं, "तुमच्या गाडीनं माझी अब्रू घेतली." ते हूं म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस धड भांडला नाही. भांडायलाही कुणी मिळू नये म्हणजे काय!

५ जानेवारी, सोमवार

सकाळी नाना अंगणात गाडीशेजारी पालथे! मला वाटलं पडले. धावत गेले तर हातात माझी शाळेतली फूटपट्टी, आणि गाडीच्या पोटाखालची जागा मोजताहेत.

मग स्वयंपाकघरात येऊन विचारतात, "अगं, मोदक नाकासकट किती उंच होतो?"

"का? कोट शिवताय त्यांना?" मी म्हटलं.

आनंदीबाई नारळ खवत होती. हसून हसून तिची खवणी सरकली. नाना मात्र गंभीर चेहऱ्याने एक मोदक मोजून गेले, आणि दुपारी न सांगता कुठेतरी नाहीसे झाले. वीज मंडळातली नोकरी संपल्यापासून त्यांना एक चाळा लागतोच. गेल्या वर्षी घड्याळं उघडून ठेवली होती, अजून दोन मिटली नाहीत.

मी टेंपोवाल्याला विचारून पाहिलं. तो म्हणाला, मोदक पोचतील, पण कशाचे ते ओळखून दाखवा. चावट मेला.

७ जानेवारी, बुधवार

कळलं कुठे जातात ते. कुंभिवलीला! हायवेला लागून एक जण जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकतो, त्याच्याकडे. तिथून एका मोठ्या गाडीची चार चाकं बसवून आणली आहेत, टायरसकट, काळीकुळकुळीत. आणि जांभळीची मूळ चाकं त्यालाच देऊन आले! परतीचा दोरच कापला.

जांभळी अंगणात अशी उभी आहे, जशी शाळेतली पोर आईच्या उंच टाचांच्या चपला घालून उभी राहते.

"हे काय?" मी.

"उंच झाली ना?" नाना. आणि तोंडभर हसू.

उंच झाली! अडुसष्टाव्या वर्षी यांना गाडी उंच हवी. समोरच्या घरात ती नवी टोलेजंग गाडी आल्यापासून नाना खिडकीतून बघत असतातच. इथे माझी ऑर्डर हातची जायची वेळ आलीय आणि यांना गाडी नटवायची हौस. मी बोलले, जेवढं बोलायचं तेवढं बोलले. ते म्हणाले, "बघ तर खरं."

बघितलं. फाटकातून वळवायला गेले तर आतून खर्रर्र असा आवाज. कुंभिवलीपासून म्हणे वळणावळणाला असाच येत होता. चाकाची भोकं जुळली, पण चाक गाडीच्या आत जास्त घुसतं आणि आतल्या लोखंडाला घासतं. म्हणजे चाकं आली, पण गाडीची नव्हेतच. नानांचं हसू मावळलं. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

नाष्ट्याला थालीपीठं केली होती. नानांनी एक उचललं आणि शिकवणी सुरू केली.

"ही वाटी म्हणजे गाडी. ही ताटली म्हणजे चाक. ताटली वाटीला चिकटून बसते, म्हणून आत घासते. मधे हे थालीपीठ घातलं की ताटली तेवढी बाहेर येते. याला म्हणतात स्पेसर."

स्पेसर म्हणजे ॲल्युमिनियमची जाड चकती. मधे मोठं भोक, कडेने बोल्टांची चार भोकं. थालीपीठच की हो! फक्त बोल्ट लांब लागतात, नाहीतर नटाला पकड मिळत नाही.

"आणि वाटेत थालीपीठ मोडलं तर?"

"सपाट बसलं तर मोडत नाही. सगळी गंमत सपाट बसण्यात आहे. दोघांच्या मधे केसाएवढंही काही राहायला नको."

एवढं सांगून थालीपीठ खाऊन टाकलं. लोणी लावून.

१० जानेवारी, शनिवार

थालीपीठं आली! शिळफाट्याच्या सहदेव मिस्त्रीने मागवून ठेवली होती, नाना घेऊन आले. खरं सांगायचं तर सुंदर आहेत. चकचकीत, हातात घेतली की जड आणि गार.

मी म्हटलं, आधी देवापुढे. आमच्या घरात नवा झारासुद्धा हळदीकुंकवाशिवाय वापरात येत नाही, आणि यांच्यावर तर माझे पाचशे एक मोदक जायचेत. पाटावर मांडली. मनात किंतु नको म्हणून पूजा अगदी साग्रसंगीत केली. कुंकू पाण्यात नीट कालवून, घट्ट, प्रत्येकीच्या सपाट अंगावर ठसठशीत बोटं ओढली आणि ओलं असतानाच त्यावर अक्षता दाबल्या. आपल्या घरचा जाडा तांदूळ, आख्खा, हळद लावलेला. एकही दाणा निसटला नाही. वाळल्यावर उलटी करून पाहिली, तरी पडला नाही.

या पूजेने मनाला खूप शांत वाटलं.

११ जानेवारी, रविवार

शिळफाट्याला मीही गेले. नानांवर विश्वास आहे, पण नजर ठेवलेली बरी.

सहदेव म्हणजे आमच्या गाडीचा जुना डॉक्टर. जॅक लावला, चाक काढलं, थालीपीठ हातात घेतलं. दुसऱ्या हातात तारेचा ब्रश.

"बाई, ह्ये कुंकू लागलंय. पुसू का?"

"पुसाल तर खबरदार! पूजा केली आहे."

त्याने ब्रश खाली ठेवला. "नाय नाय, पूजेचं कोन पुसतंय. आमी काय बिनदेवाचे हाय?" असं म्हणून त्याने एकेक थालीपीठ कपाळाला लावलं आणि कुंकवाची बाजू आत, गाडीकडे करून बसवलं. मी म्हटलं, बरोबर, देवाचं आत असावं. चारही तशीच बसवली. नाना तेव्हा समोरच्या दुकानात लांब बोल्ट निवडत होते. ते आले तोवर बोल्ट घालून चाकं चढवायचीच राहिली होती.

आता घासत नाही. वळवली, उलटी वळवली, आवाज नाही. नानांचं हसू परत आलं. येताना पळसदरीच्या अलीकडे जरा वेग घेतला तर स्टिअरिंग थरथरलं. नाना म्हणाले, नवीन आहे, बसेल.

१३ जानेवारी, मंगळवार

बसत नाही. जांभळीला थंडी भरल्यासारखी झालीय. पुढून थरथर, मागून डुगडुग. आणि दर फेरीनंतर नट ढिले! नाना पाना घेऊन आवळतात, बाजारात जाऊन आले की परत ढिले.

मला तर त्या कुंभिवलीवाल्याचीच शंका येते, वाकडी चाकं गळ्यात मारली असणार. नाना म्हणतात, चाकं फिरवून बघितली, सरळ आहेत. मग सहदेवने घाई केली असेल. नाना म्हणतात, नाही. मग चाकांचं बॅलन्सिंग. तेही करून आणलं, थरथर तशीच. शेवटी मी म्हटलं, समोरच्यांची नजर लागली. ते मात्र नानांनी खोडून काढलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

पुढे लिंबू-मिरची बांधली. पूजेत तर काही कमी पडलं नव्हतं, ती मी स्वतः केली होती.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तीळगूळ दिला, गोड बोललो. एक दिवस.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज रंगीत तालीम. पन्नास मोदक केले, खाली केळीचं पान, वर ओलं फडकं, डबे मागच्या सीटवर, शेजारी आनंदीबाई. शेलूपर्यंत जाऊन यायचं.

नेरळलाच ती मागून म्हणाली, "बाई, मोदक नाचाया लागले."

परत येऊन डबे उघडले. नाकं तर गेलीच, पाकळ्याही एकमेकींत घुसल्या होत्या. भरीला पाठीमागच्या चाकाचा एक नट वाटेत कुठेतरी पडून गेला होता.

मी नानांना अंगणातच बोलले. म्हटलं, "हौस तुमची आणि वाटोळं माझं! मूळ चाकं देऊन टाकली, आता ना ती गाडी राहिली, ना ही झाली. सहा दिवसांवर ऑर्डर आहे. माझ्या एका कामात तरी मधे मधे करायचं नव्हतं तुम्ही."

नाना गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "उद्या सहदेवकडे नेतो." रात्री भात अर्धा ठेवून उठले.

बोलले ते खरंच होतं. तरी आता झोप येत नाही. रियाला फोन करून नाही सांगावं का? नको. उद्याचा दिवस बघू.

१७ जानेवारी, शनिवार

झालं! नाना दिवेलागणीला आले, आणि जांभळी फाटकातून अशी सरकत आली की मला आवाजही आला नाही. मला बसवून भिसेगावपर्यंत नेलं. स्टिअरिंग स्थिर, नट घट्ट. पाण्याची वाटी मांडीवर ठेवून बसले होते, थेंब सांडला नाही.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"माझीच चूक," नाना म्हणाले. "सहदेवला मी घाई केली. नट समोरासमोर आवळायचे असतात, मी ओळीने आवळायला लावले. चकती तिरकी बसली."

बघा! म्हणजे मी म्हणत होते तेच. घाई! आनंदीबाई पाट्यावर वेलची वाटत होती, तिच्यासमोरच मी त्यांना सुनावलं. एवढी मोठमोठी यंत्रं हाताळली जन्मभर आणि चार नट धड आवळता येऊ नयेत? नानांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मधेच एकदा मला वाटलं, हसताहेत की काय. पण नाही, खोकला होता.

हात धुताना बघितलं, नखांत लालसर काहीतरी. म्हटलं, हे काय? म्हणाले ग्रीस. लाल ग्रीस मी तरी पहिल्यांदा पाहिलं. हल्ली कशाकशाला रंग येतात.

१८ जानेवारी, रविवार

परत तालीम, परत पन्नास मोदक. शेलूला जाऊन आलो. एकही नाक मोडलं नाही! एकही नाही!! आनंदीबाईने मोदक हातात धरून चहूबाजूंनी पाहिला आणि म्हणाली, "ह्यो तर नवरीवानी आलाय."

आणखी एक बरं झालं. त्या खांबासारख्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट कुठेच लागलं नाही, अलगद वरून गेली. चाकं उंच असल्याचा असाही फायदा झाला म्हणायचा. योगायोग.

मोदक शेजारीपाजारी वाटले. समोरच्या घरीसुद्धा दिले. नजर काढून.

२० जानेवारी, मंगळवार

काय लिहू? सुरुवातीपासून लिहिते.

सकाळी नानांचा शनिवारचा सदरा धुवायला काढला. ग्रीसचे डाग म्हणून वेगळा ठेवला होता. खिशात रुमाल लागला. चार पदरी घडी, वर गाठ, जसा आपण प्रसाद बांधतो तसा. सोडला तर आत गुलाबी खपल्या. काही चुरा झालेल्या, काही पीठ झालेल्या. चिमूट घेऊन बोटांत चोळली. मी तीस वर्षं उकड काढतेय, तांदळाची पिठी मला डोळे मिटूनही कळते. पिठी होती. कुंकवात भिजून वाळलेली. आणि तिच्यात आमच्या जाड्या तांदळाचे दोन दाणे, आख्खे, हळद लागलेले.

नानांचं वाक्य आठवलं, थालीपीठ हातात धरून म्हणालेले. केसाएवढंही काही राहायला नको. आणि मी तिथे तांदूळ चिकटवले होते. दाबून दाबून. वर सहदेवला ब्रश खाली ठेवायला लावला होता. नट किती का आवळेनात, दाणे भरडले जायचे, पीठ गळायचं, नट ढिले. आणि मी लिंबू-मिरची बांधत होते!

धुण्याच्या दगडावरच बसले. मग उठून सहदेवला फोन लावला. म्हटलं, खरं सांग.

"बाई, तुमी रागावू नका. नाय सांगायचं आसं नाना बोलले व्हते."

"मला सगळं कळलंय. रुमाल सापडलाय."

तिकडे हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "पयलं चाक खोललं आन् नानांनी कपाळाला हात लावला. मंग दोघंबी हसलो, पोट धरून. सगळं नानांनी सोता खरवडलं. मी बोललो द्या, टाकतो भायेर. तर नाय बोलले. तिनं हात जोडून लावलंय, गॅरेजच्या घाणीत नाय टाकायचं, तुळशीत टाकीन."

तुळशीत! देवघरात वर्षातून एकदा, तेही आरतीपुरते उभे राहणारे आमचे नाना. आणि गाठ बांधून खिशात विसरले.

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी बी तेच इचारलं. तर बोलले, ऑर्डर तोंडावर हाय. आता तिच्या हातात धाकधूक शिरली तर पाकळी पडायची नाय. चूक माझ्या नावावर ऱ्हाऊ दे, मला काय मोदक वळायचेत?"

मी फोन बाजूला धरून पदराने नाक पुसलं. सहदेवला वाटलं फोन कटला. मोठ्याने म्हणाला, "हॅलो, बाई? आन् चाकांवरनं बी बोलू नका त्यांना. त्ये पयल्यांदा आले तवाच बोलले व्हते, सहदेव, गाडी दोन बोटं वर घ्यायची हाय, आमच्या बाईंच्या मोदकांना स्पीडब्रेकर लागाया नको."

फूटपट्टी. मोदकाची उंची. उंच झाली ना, म्हणाले होते. मी हौस म्हणाले. नटवताय म्हणाले. वाटोळं म्हणाले, अंगणात, मोठ्याने.

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. आनंदीबाई अजून आली नव्हती ते बरं, नाहीतर तिने भागीदारीच्या हक्काने कारण विचारलं असतं. मग तोंड धुतलं, रुमालातलं सगळं तुळशीत घातलं, रुमाल दोनदा साबण लावून धुतला. कुंकवाचा डाग मुळीच जात नाही.

दुपारी नाना जेवायला बसले तेव्हा मी ठरवून बसले होते की सगळं बोलायचं. ते आमटी वाढून घेत म्हणाले, "पिठी चांगली आली का गं यंदाची?" मी म्हटलं, "चांगली आली." आणि त्यांच्या भातावर तूप वाढलं. त्यांनी एवढ्या मायेने झाकलेलं मी उघडं करायचं? ऑर्डर होऊ दे. हात थरथरू द्यायचे नाहीत. ते यासाठीच तर गप्प बसलेत.

२१ जानेवारी, बुधवार

नारळ, गूळ, वेलची, खसखस. सारण झालं. शेजारची इंदूबाई आणि तिची सून उद्या पहाटे वळायला येतील. बोटं बघून घेतली. थरथरत नाहीत.

२२ जानेवारी, गुरुवार. गणेश जयंती

पहाटेपासून उकड काढली. चौघी बायका, दोन मोठी मोदकपात्रं, आणि स्वयंपाकघरात वाफच वाफ. आज अशा पाकळ्या पडल्या की मला माझाच हेवा वाटला. आनंदीबाई म्हणाली, "बाई, गुपित काय?" म्हटलं, "तांदूळ." हसले एकटीच.

डबे गाडीत लागले. मी पूजेचं तबक घेऊन अंगणात आले, आणि नानांचा चेहरा असा पडला की काय सांगू. पुढच्या चाकाजवळ जाऊन उभे राहिले, राखणदारासारखे.

आनंदीबाई म्हणाली, "चाकांना बी लावा की, बाई. त्येंच्याच जिवावर जातोय."

"नको," मी म्हटलं. "चाकांना मिळालंय आधीच, भरपूर." आणि बॉनेटवर एक बोट कुंकू लावलं. अक्षता लावल्या नाहीत, नुसत्या वरून टाकल्या. सगळ्या घरंगळून खाली पडल्या.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी तबकाकडे बघितलं.

गाडी निघाली. नेरळ, मग शेलूचं वळण, मग ते खांब. पहिल्यावर मी देवाचं नाव घेतलं, दुसऱ्यावर मागे वळून बघितलं, तिसऱ्यानंतर बघायचं सोडून दिलं. जांभळी राणीसारखी चालली होती.

मांडवात रियाने स्वतः डबे उघडले. पहिला, दुसरा, तिसरा. कमिटीतले दोन काका चष्मा लावून वाकले होते. रिया एकदम ओरडली, "काकू! नाकं बघा ना, एकसारखी!" आणि मला मिठी मारली, हाताला उकड लागलेली तशीच. भाद्रपदाची ऑर्डर तिथेच, सगळ्यांसमोर पक्की झाली. मी निवृत्त बाई नाही आता. मी मोदकवाली बाई आहे. हे इथे ठळक लिहून ठेवते.

आरती झाली. आनंदीबाईची भाची शेलूलाच असते, म्हणून ती तिथे थांबली. परतताना गाडीत आम्ही दोघंच. प्रसादाचा एक मोदक मी नानांना भरवला. ते नेहमी आधी नाक खातात.

चावून झाल्यावर समोर बघत म्हणाले, "माझा एक रुमाल सापडत नाहीये."

"सापडला. धुऊन ठेवलाय."

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "डाग गेला?"

"नाही. राहू दे."

"आणि आत काही..."

"तुळशीत टाकलं."

नाना हूं म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, या वयात. माझेही झाले असणार. मी म्हटलं, "अहो, गाडी छान उंच झालीय." ते म्हणाले, "बघ तर खरं म्हटलं होतं ना."

पुढे शेवटचा स्पीडब्रेकर आला. नानांनी तो इतक्या हळू घेतला, इतक्या जपून, की मागचा टेंपोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. मागच्या सीटवर तेव्हा रिकाम्या डब्यांशिवाय काही नव्हतं.